दुपट्याचा दोरा अन् तळ्याकाठची बाई

प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की आधी गरम होतं. हे मला कुणी शिकवलं नाय, हातालाच कळलं. पाण्यात कालवलेली ती पांढरी खीर साच्यात ओतायची, बुडबुडे वर यावेत म्हणून टेबलावर हळूहळू आपटायची, अन् मग तळहातावर घेऊन नुसतं बसायचं. थोड्या वेळानं साचा उबदार होतो, ताप आलेल्या लेकराच्या गालासारखा. तेव्हा मला दर वेळेस वाटतं, आता हे तोंड उघडणार अन् काहीतरी बोलणार.

आमची लॅब शहागंजात, भांड्यांच्या दुकानाच्या वर. खाली दिवसभर पितळ-स्टीलचा खणखणाट, वर आम्ही दोघं, उस्ताद अन् मी. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याची मापं पाठवतात, त्यावरून आम्ही कवळ्या बनवतो. पेशंट कधी दिसत नाय, नुसते दात दिसतात. पण मला तेवढं बास होतं. पुढचे दात बाहेर आलेला माणूस ‘स’ कसा म्हणत असेल, दाढा नसलेल्याचे गाल आत जाऊन आवाज कसा फुसका होत असेल, ते मी आपला जबडा तसा करून बघते. आवाज आपोआप येतो. मग मी प्लास्टरचा जबडा हातात धरून खुळखुळ हलवते अन् त्याला बोलायला लावते, “बहेनजी, आमची कवळी कधी भेटंल? घरी मटण शिजायलंय!”

उस्ताद आधी हसतात, मग रागावतात. “ए टेपरेकॉर्डर, काम कर. दाँत हँसाने के वास्ते नहीं, चबाने के वास्ते हैं.”

नकलांची ही खोड मला आत्याकडून आली. आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. पाचोडला आमच्या घराला भिंत लागून तिचं घर. आठवडी बाजारातून ती परत आली की आम्ही सगळे अंगणात बसायचो अन् अख्खा बाजार तिच्या तोंडातून पुन्हा भरायचा. मिरचीवाली, बांगडीवाले चाचा, शेळीचा भाव पाडणारा म्हातारा, अन् खुद्द शेळी. शाळेत गुरुजींची नक्कल करून मी मार खाल्ला तेव्हा बापानं कपाळाला हात लावला. म्हणला, “घरात एक होती ती पुरली नाय का?” आत्या म्हणली, “मी गेल्यावर दुकान कोण चालवंल?”

तिचा खरा धंदा गोधड्यांचा. जुनी लुगडी, धोतरं, फाटक्या चादरी एकावर एक अंथरायच्या अन् धावदोरा घालत बसायचं. सुई हातात, दोरा दातात, अन् त्या दोऱ्याच्या बाजूनं गोष्ट चालूच. मधीच ‘कट्’ असा बारीक आवाज व्हायचा, दोरा तुटायचा, गोष्ट नाय तुटायची. लहानपणी मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची ती त्या ‘कट्’वर. अजूनबी कुठं तसा आवाज झाला की माझे डोळे जड होतात.

आमच्याकडं एक रीत आहे. मोठ्या माणसाची वाकळ कशीबी शिवा. पण बाळाच्या दुपट्याला कात्री लावायची नाय. दोरा दातानं तोडायचा, अन् जिनं पहिला टाका घातला तिच्याच दातानं. का, असं विचारलं की आत्या म्हणायची, “लेकरासाठी कापायची ती एक नाळ. बाकी काई कापायचं नाय.”

माझ्या ताईला दिवस गेले तेव्हा आत्यानं दुपटं लगेच मांडलं. अर्धं झालं असेल-नसेल, अन् हापशाचा दांडा उलटा आला. पाणी भरता भरता हात सटकला अन् लोखंडी दांडा सरळ तोंडावर. वरचे पुढचे चार दात गेले. दोन तिथंच पडले, दोन डॉक्टरनं काढले.

दुखणं गेलं, सूज उतरली, पण तिनं पदर तोंडाला लावला तो लावलाच. बाजारला जाणं बंद. गोष्टी बंद. काही विचारलं तर मान हलवायची. दुपट्याचा दोरा तिनं एकदा दाढेनं तोडून बघितला, तर तो भिजून चिंधी झाला अन् गालात अडकला. माझी आई म्हणली, “वन्सं, आणा इकडं, मी तोडते की.” आत्यानं तिच्याकडं असं बघितलं की आई चुलीकडं निघून गेली. कात्रीचं नाव तर ताईनंच काढलं. त्यावर आत्यानं दुपटं घडी केलं, सुई त्याच्यातच टोचली अन् पेटीत ठेवून दिलं. ताई बाळंतपणाला माहेरी आली होती, पोट पुढं आलेलं, अन् रोज संध्याकाळी ती त्या पेटीकडं बघायची. तिला दुपट्याचं पडलं होतं. मला आवाजाचं. आत्याचा जुना आवाज आता नुसता माझ्याच तोंडात राहिला होता. तो मी काढून दाखवला तर ती उठून आत गेली.

म्हणून तिचं माप शहरात घेतलं अन् काम आमच्याच लॅबमधी आणलं. उस्ताद म्हणले, “तेरी फुफी, मतलब मेरी बहन. इसको मैं हाथ से बनाता, तू देख.” अन् काय बनवले दात! चार कळ्या मोगऱ्याच्या. लांब, चकचकीत, कडेला जरा निमुळते. बाजूच्या दातांना धरून बसणाऱ्या दोन बारीक तारा. उस्तादनं ते उजेडात धरून असे फिरवले जसा सोनार नथ फिरवतो.

मी पाचोडला घेऊन गेले. आत्यानं दात बसवले, आरसा घेतला, अन् कितीतरी वेळ बघत राहिली.

“ही कोण बया हाय?” ती म्हणली. पण ‘बया’ म्हणताना खालचा ओठ चावला गेला अन् मधून शिट्टी वाजली.

ताई म्हणली, “आत्या, लई भारी दिसायले. पंचवीस वर्षांची दिसती तू.”

“पंचवीसची व्हते तवा बी असले नव्हते.”

तिनं पेटी उघडली, दुपटं काढलं, एक टाका घातला अन् दोरा दातात धरला. दोरा सटकला. पुन्हा धरला, पुन्हा सटकला. वरचे दात खालच्या दातांच्या पुढं पडदा टाकल्यासारखे खाली यायचे, दोऱ्याला दोन्हीच्या मधी पकडच भेटंना. भाकरीचा तुकडाबी नीट तोडता आला नाय. आत्यानं दात काढले, पदरानं पुसले अन् माझ्या हातावर ठेवले.

“उस्तादाला सांग, लई देखणे झालेत. कपाटात ठिवाया चांगले.”

मी उस्तादला तेवढंच सांगितलं की अजून सवय नाय. ते म्हणले, “होती, होती. नया जूता भी काटता.” मी ते चार दात कापसात गुंडाळून माझ्या खणात ठेवले. खण उघडला की ते हसायचे. दुसरं कोण हसणार होतं म्हणा.

त्याच दिवसांत एका दुपारी लॅबचा जिना चढून एक मॅडम आल्या. ह्या शहरातच कॉलेजात शिकवतात, जुन्या काळच्या माणसांच्या हाडांचा, दातांचा अभ्यास करतात. पिशवीतून त्यांनी रबराचे दोन साचे काढले. खरे दात लांब उत्तरेकडं, जिथं खोदताना सापडले तिथंच ठेवलेले. हे त्यांचे ठसे. पोरांना हातात घेऊन बघता यावेत म्हणून मॅडमला प्लास्टरचे दात पाहिजे होते.

उस्तादनं साचा चष्म्याजवळ नेला. “पेशंट की उमर क्या है?”

“हजारो वर्षं,” मॅडम म्हणल्या. “शेती सुरू व्हायच्या आधीची माणसं. शिकार करायची, कंदमुळं खायची, रानातलं बी वेचायची. एका तळ्याच्या काठाला राहायची.”

“फिर तो अपॉइंटमेंट में बहुत लेट आये,” उस्ताद म्हणले अन् साचा माझ्याकडं सरकवला. “ले टेपरेकॉर्डर. इनकी आवाज निकाल.”

मी प्लास्टर कालवलं, ओतलं, आपटलं. मॅडम खुर्चीवर बसून बोलत होत्या. खाली कुणीतरी पातेली एकात एक रचत होतं. वर पंखा नुसता हवा ढवळत होता. मॅडमचा आवाज असा, की शेवटचा शब्द जरा लांबवतात, अन् त्या लांबलेल्या शब्दावर डोळा लागावा. त्या सांगत होत्या की त्या माणसांना किडलेले दात फार कमी, पण झिजलेले सगळे. भाजलेल्या कंदाला माती, दगडावर ठेचलेल्या बियांत दगडाची कच, सुकवलेलं मांस वातड. आयुष्यभर चावायचं. दाढांचे उंचवटे झिजून पार सपाट व्हायचे. पुढचे वरचे दात खालच्यांना बरोब्बर कडेवर कड भिडायचे. आपल्यासारखे वरचे खालच्यांच्या पुढं येत नव्हते.

“सगळ्यांचेच?” मी विचारलं.

“मोठ्या झालेल्या बहुतेकांचे. लहान पोरांचे आपल्यासारखेच. झीज म्हणजे त्यांचं जगणंच म्हण ना.”

मला आमच्या पाचोडची गिरणी आठवली. दगडाला छिन्नीनं नवी टाकी मारली की पुढचे दोन-चार दिवस बाजरीची भाकर कचकच करते. आई तोंड वाकडं करते, बाप गिरणीवाल्याला शिव्या घालतो. आत्या मात्र मजेत चावत बसायची. म्हणायची, दाताला बी कामधंदा पाहिजे.

हातातलं प्लास्टर गरम झालं होतं. मी माझे खालचे दात पुढं आणले, कडेवर कड टेकवली अन् तसंच बोलून बघितलं. आवाज बसका झाला, जरा रुंद, पोत्यातून धान्य ओतल्यासारखा. मी डोळे मिटले. झोप लागली का नाय, ते मला आत्ताबी सांगता येणार नाय. तळं दिसलं. पाण्यावर ऊन पडलेलं, काठाला धूर, अन् धुरात भाजलेल्या मातीचा वास. एक बाई पाठमोरी बसलेली. तिच्या तोंडात काहीतरी लांब होतं, वेलीचं किंवा गवताचं, अन् ती ते दोन्ही हातांनी ओढत होती. तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. ओठ हलले. काय म्हणली ते ऐकू आलं नाय, तोंडात दोरी होती ना. मी जवळ जायला लागले तर खालून पातेलं पडलं, धडाम.

“साँचा खोल, साँचा,” उस्ताद म्हणत होते.

मी रबर सोलून काढलं. दात बाहेर आले. सपाट, मधी खोलगट, भोवती कड. जबड्यावरून ही बाई असावी असं मॅडम म्हणल्या, पण छातीठोक नाय सांगता येत. वरच्या पुढच्या एका दाताच्या कडेला एक बारीक खाच होती. मी नखानं चाचपली. नख बरोबर बसलं.

“हे साच्यात चुकलं का?” मी विचारलं.

“नाही गं, ती खरीच आहे,” मॅडम म्हणल्या. “दात म्हणजे तिसरा हात होता त्यांचा. गवताचा धागा, जनावराची शीर, असलं काहीतरी ती रोज तिथूनच ओढत असेल. नक्की काय, ते दात सांगत नाही. पण रोज ओढत होती, एवढं सांगतो.”

मी उठले. फळीवर गेल्या महिन्याचे साचे ठेवलेले असतात. त्यातून आत्याचा खालचा जबडा काढला. खालचे दात तर तिचे शाबूत होते. सपाट कडा, अन् मधल्या दातावर अर्धी खाच. इतके दिवस ती माझ्या डोळ्यासमोर होती. मी तिला प्लास्टरचा बुडबुडा समजले होते.

तळ्याकाठच्या बाईचा वरचा जबडा मी आत्याच्या खालच्या जबड्यावर ठेवून बघितला. अजिबात बसला नाय, एकीचा जबडा रुंद, दुसरीचा अरुंद. मॅडम हसल्या, “असं कसं बसेल?” पण मी तो तसाच धरून उभी राहिले. एक खाच वर, एक खाच खाली. मधून दोरा जाईल एवढी फट.

आम्ही आत्याला जे दात दिले होते त्यांनी कधी काही चावलंच नव्हतं. समोरचे खालचे दात बाजरी खाऊन, दोरे तोडून जुने झालेले, अन् वर आम्ही कोरी करकरीत पोरगी आणून बसवली. त्यांचं जमणार कसं?

मॅडम गेल्यावर मी खणातले दात काढले अन् घासायचं मशीन चालू केलं.

“क्या करराई?” उस्ताद उठलेच.

“उस्ताद, ह्याला म्हातारं करायचंय.”

“पागल हुई क्या? लोगाँ जवान होने कू आते, तू बूढ़ा करती?”

“आत्याचे खालचे दात बघा. सपाट हायेत. वरचे लांब ठेवले तर भिडणार कसे?”

त्यांनी आत्याचा खालचा साचा बघितला, माझ्याकडं बघितलं. “छोटा कर, ठीक है. वो मेरे कू भी दिख रा. मगर ये खाँचा काय कू?”

“दोऱ्याला.”

“मेरे लैब से टूटा दाँत जाएगा? लोगाँ क्या बोलेंगे?”

“लोकांना कुठं दिसतो? आत्या तर तोंडच उघडंना.”

त्यांनी हात झटकले. नमाजला गेले, आले, चहा मागवला. मी आत्याच्या साच्यावर दात ठेवून बघत होते, घासत होते, परत बघत होते. कडा जुळत आल्या. बारीक पातं लावून मी खालच्या खाचेच्या बरोबर समोर वर खाच पाडली. उस्ताद मागं येऊन उभे राहिलेले मला कळलं नाय.

“इतना सफेद रखती?” ते म्हणले. “नीचे के दाँत चाय के, ऊपर के दूध के? हट उधर.” अन् त्यांनी स्वतः बसून दातांना जरा पिवळट, जरा तपकिरी छटा मारली. खाचेच्या कडेला सगळ्यात गडद. मग उजेडात धरून फिरवले, पहिल्यासारखेच, सोनारासारखे. “बदसूरत,” ते म्हणले. “एकदम तेरी फुफी के.”

मी पाचोडला पोचले तेव्हा दुपार कलली होती. ताईचे दिवस भरत आले होते, ती खाटेवर कुशीवर पडलेली. आत्या ओट्यावर शेंगा निवडत होती, पदर तोंडावर.

“आत्या, दात आणलेत.”

तिनं मान हलवली. नाय.

“ते नाय. दुसरे. म्हातारे हायेत.”

तिनं हात पुढं केला. मी दात दिले. तिनं ते बोटानं फिरवले अन् खाचेवर बोट थांबलं. कितीतरी वेळ थांबलं. मग पाठ फिरवून तिनं ते बसवले. आरसा मागितला नाय. जबडा दोन-तीनदा हलवला, कडेवर कड घासली. कर्रर्र असा बारीक आवाज आला.

मी तिला तळ्याकाठच्या बाईचं सांगितलं. तिचे दात, तिची खाच, ती गवताचं काहीतरी ओढायची ते. आत्या ऐकत राहिली. मग पदराआडून बोलली, “अन् तिच्या लेकराला पांघराया काय व्हतं गं?”

“ते नाय सापडलं, आत्या. दातच सापडतात. पांघरूण कुजून जातं.”

“हं,” ती म्हणली. उठली, पेटी उघडली, दुपटं काढलं. सुई जिथं टोचली होती तिथंच होती. अर्ध्यावर थांबलेला टाका तिनं पुरा केला, पुढचे चार घातले, पाच घातले, कोपरा वळवला. दुसरा दोरा ओवायची वेळ आली. पहिला दोरा तिनं दातात धरला. मी दुसरीकडं बघितलं, मला बघवंना. सटकला तर?

तेवढ्यात ताई आतून कण्हली. “आत्या गं, पाणी दे जरा.”

“आले, थांब,” आत्या म्हणली.

दातात दोरा धरून म्हणली. ओठ मिटलेले, शब्द दोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी निसटून आलेले, बसके, रुंद. तळ्याकाठच्या बाईनं मागं वळून हेच म्हणलं होतं. तिच्या तोंडात दोरी होती अन् कुठंतरी तिचं लेकरू बोलावत होतं. असल्या वेळेला कोणतीबी बाई दुसरं काय म्हणंल?

कट्.

दोरा तुटला होता. स्वच्छ, चिंधी नाय, थुंकी नाय. आत्यानं तुटलेलं टोक बोटावर घेऊन बघितलं अन् पदर खांद्यावर टाकला, तोंडावर नाय. मग माझ्याकडं बघून तिनं मान वाकडी केली, चष्मा सावरल्यासारखं बोट नाकावर नेलं, अन् जन्मात न बघितलेल्या उस्तादच्या आवाजात म्हणली, “ए टेपरेकॉर्डर, पानी दे उसकू.”

मी पाणी द्यायला उठले. उस्तादचा आवाज मीच तिला एवढे दिवस ऐकवत होते, ती नुसती मान हलवत होती तेव्हासुद्धा. मला वाटायचं ती ऐकत नाय.

दुपटं पाचव्या दिवशी पुरं झालं अन् सहाव्या दिवशी ताईला कळा आल्या. भाची झाली. ती आता दुपट्याचा कोपरा तोंडात घालून नुसत्या हिरड्यांनी चावत पडते. आत्याला म्हणलं, घाण असतं, काढून घे. आत्या शेजारी बसून कुणाची तरी वाकळ शिवत होती, दोरा दातात.

“चावू दे,” ती दोऱ्याच्या बाजूनं म्हणली. “आत्तापसून सवय पाहिजे.”